काकांची आगगाडी आणि माझा खोटा जबाब

सोलापुरात एका शाळेत विज्ञान शिकवत असताना मी एका वायरमनचं नाव घालवलं. त्याला शिवी दिली नाही, त्याची कुठली वस्तू चोरली नाही. एका कागदावर दोन वाक्यं लिहिली आणि खाली सही केली, एवढंच. आता माझी पन्नाशी उलटली आहे. ही गोष्ट मी कुणाला सांगू लागलो की ऐकणारे हसतात, कारण ती एका खेळण्यातल्या आगगाडीची आहे. त्यांनी हसावं. मीही बराच भाग हसतच सांगतो, पण शेवट मला हसत सांगता येत नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनतीन वर्षं झाली असतील. आमची गल्ली स्टेशनच्या अंगाला होती. निम्मी घरं रेल्वेवाल्यांची, निम्मी गिरणीवाल्यांची. माझ्या खोलीला लागून एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर राहायचे, त्यांना सगळी गल्ली काका म्हणायची. उभा जन्म वाफेच्या इंजिनावर गेल्यामुळे ते साधं ‘चहा घेता का’ हेसुद्धा शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारायचे. काकू अगदी हळू बोलायच्या. एका घरात दोन इंजिनं नकोत, असं त्या म्हणत.

त्यांचा जावई बोटीवर नोकरीला होता. त्यानं जपानहून सासऱ्यांना दोन मोठी खोकी पाठवली. त्यांत वीतभर लांबीचं काळं इंजिन, चार डबे, रुळांचे पुष्कळ तुकडे आणि एक सांधा होता, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेण्याची सोय. गाडीला वीज देणारी पेटी मात्र नव्हती. माहितीचा कागद होता, तो जपानी भाषेत. गल्लीतल्या चारपाच जणांनी तो उलटासुलटा धरून पाहिला. शेवटी तो माझ्याकडे आला. मला त्यात दोनच गोष्टी वाचता आल्या, बाराचा आकडा आणि त्यापुढचं इंग्रजी व्ही.

‘‘बारा व्होल्ट,’’ मी म्हणालो.

तेवढ्यावर मी तज्ज्ञ ठरलो. मी आयुष्यात दोन वायरी कधी एकमेकींना जोडल्या नव्हत्या, हे मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या शाळेत विजेचे प्रयोग शिपाई मांडून ठेवायचा. मी वर्गासमोर फक्त कळ दाबायचो आणि दिवा लागला की ‘पाहिलंत?’ असं विचारायचो.

जोडाजोडीला माणूस हवा म्हणून काकांनी वायरमनला बोलावलं. हा मूळचा जवळच्या कुंभारी गावचा, दिवसा गिरणीत नोकरी, संध्याकाळी गल्लीतली किरकोळ कामं. गिरणीत त्याला कुणी विचारत नसे, तिथं त्याच्यावर तीन साहेब होते. पण आमच्या मंडळाच्या गणपतीची रोषणाई दरवर्षी तो करायचा. ते दहा दिवस पलीकडच्या पेठांतले लोक बघायला यायचे, ‘कुणाचं काम?’ असं विचारायचे, आणि गल्ली त्याच्याकडे बोट दाखवायची. माणसाला आयुष्यात जी काही किंमत मिळते, ती त्याला या दहा दिवसांत मिळत होती. मंडळात काकांचा शब्द मोठा होता, म्हणून काकांच्या गाडीचं काम त्यानं हौसेनं अंगावर घेतलं.

‘‘पंख्याचा रेग्युलेटर बसवू की,’’ तो आल्या आल्या म्हणाला. ‘‘एक, दोन, तीन, चार. पाचावर मेल.’’

‘‘अहो, ते घरातलं दोनशे तीस व्होल्ट झालं,’’ मी म्हणालो. ‘‘रुळाला हात लागला तर माणूस जाईल.’’

‘‘हात कशाला लावायचा, मास्तर? खऱ्या रुळावर तरी कोण झोपतंय?’’

‘‘मला घरात शॉक नको,’’ काकू आतून म्हणाल्या. ‘‘एक वेळ गाडी नको.’’

मग आम्ही टॉर्चचे आठ सेल वर्तमानपत्राच्या पुंगळीत ओळीनं भरले. गाडी जमिनीवर दोन फेऱ्या झोकात फिरली, तिसरीला हळू झाली, चौथीला दाराशी थांबली. काकूंनी ते सेल काढून गच्चीत पापडांशेजारी उन्हात ठेवले, रेडिओचे सेल त्या तसेच तापवून परत वापरायच्या. काकांना ते आवडलं नाही. आपल्या इंजिनाची शक्ती पापडांबरोबर वाळत घालणं त्यांना कमीपणाचं वाटलं. त्यानंतर एका टॅक्सीवाल्याची बॅटरी आली. तिच्यातल्या ॲसिडचा एक थेंब काकूंच्या सतरंजीवर पडला, तिथं रुपयाएवढं भोक झालं आणि बॅटरी त्याच संध्याकाळी परत गेली.

शेवटी ओळखीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून एक लहान ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. घरातली वीज त्यात उतरून बारा व्होल्ट व्हायची आणि पुढं चार डायोडमधून गेली की गाडीला चालणारी, एकाच दिशेनं वाहणारी वीज मिळायची. वेग कमीजास्त करायला मी शाळेच्या प्रयोगशाळेतला रिओस्टॅट आणला. लांबट नळीवर तार गुंडाळलेली असते आणि वर एक मूठ मागंपुढं सरकते. मुख्याध्यापकांना विचारलं नव्हतं, हेही सांगून टाकतो. काकांनी ती मूठ हातात घेतली आणि दोनदा सरकवली.

‘‘याला म्हणतात कंट्रोल,’’ ते हळू म्हणाले. काकूंनी बाहेर डोकावून पाहिलं, त्यांना वाटलं काकांची तब्येत बिघडली.

वायर आणायला मी स्वतः नवी पेठेत गेलो. पुस्तकात धन बाजू तांबडी आणि ऋण बाजू काळी दाखवतात, तेव्हा मला तांबडी आणि काळीच वायर हवी होती. दुकानदाराकडे सगळी तांबडी होती. मी तीन दुकानं पालथी घातली. चौथा म्हणाला, ‘‘मास्तर, आतली तार तांब्याचीच हाय. वरच्या रंगावर गाडी पळती का?’’ मी तांबडी घेऊन खाली मान घालून परत आलो. वायरमननं काकूंच्या डब्यातला काळा दोरा मागितला आणि ऋण बाजूच्या वायरीला वीतवीतभर अंतरावर बांधून टाकला. ‘‘आता दृष्टबी लागायची न्हाय,’’ तो म्हणाला.

गाडी पुढं आणि मागं न्यायची तर विजेची दिशा फिरवायला हवी. त्यासाठी मी फळ्यावर काढतात तशी आकृती काढून दिली. वायरमननं ती पाहिली, घडी करून खिशात ठेवली आणि जिन्याला लावतात तसले दोन स्विच एका फळीवर शेजारी शेजारी बसवले. दोन्हीची बटणं बांबूच्या चिपेनं एकमेकांना जखडली. चीप खाली केली की गाडी पुढं, वर केली की मागं. माझी आकृती चूक होती असं तो म्हणाला नाही. ती मला परतही मिळाली नाही.

इथवर सगळं नीट चाललं होतं. मग काका म्हणाले, ‘‘ही गाडी जाते कुठं?’’

मी रुळांचा एक छान गोल केला होता. गाडी त्यावर फिरत होती.

‘‘कुठं म्हणजे? गोल जाते.’’

‘‘गोल घाण्याचा बैल जातो. गाडी एका स्टेशनावरून निघते आणि दुसऱ्या स्टेशनावर पोचते.’’

म्हणून बाहेरच्या खोलीत सोलापूर झालं आणि स्वयंपाकघरात कुर्डुवाडी. मधे उंबरा. एकेरी मार्ग असल्यामुळे पुढच्या स्टेशनानं ‘लाईन क्लिअर’ दिल्याशिवाय गाडी पुढं जाणं काकांना मान्य नव्हतं. पुढच्या स्टेशनावर काकू होत्या. तेव्हा वायरमननं उंबऱ्याशी एका रुळाच्या जोडातली पत्र्याची पट्टी काढून तिथं आगकाडीचा तुकडा बसवला. स्वयंपाकघरातल्या रुळांना वीज मिळायची ती काकूंनी ओट्याशेजारची कळ दाबली तरच. काका इकडून दोनदा घंटी वाजवायचे. काकू हातातलं काम संपवून एकदा घंटी द्यायच्या आणि कळ दाबायच्या. भाजीला फोडणी चालू असेल तर गाडी उंबऱ्यावर दहा दहा मिनिटं उभी राहायची. काका खुर्चीत बसून घड्याळ बघायचे, पण एका शब्दानं ओरडायचे नाहीत. स्टेशन मास्तरला ड्रायव्हरनं घाई करायची नसते.

‘‘लग्नाला इतकी वर्षं झाली,’’ काकू मला म्हणाल्या, ‘‘पहिल्यांदा माणूस माझ्यासाठी थांबतोय.’’

मग काकांनी दुसरा मुद्दा काढला. स्वयंपाकघरातून गाडी परत यायची ती मागं सरकत, डबे पुढं आणि इंजिन मागं. काकांनी नोकरीत हे अगदी नाइलाज असेल तरच केलं होतं आणि प्रत्येक वेळी त्याची तक्रार लिहून दिली होती. शेडमध्ये इंजिन गोल तबकावर उभं करून फिरवतात, ती सोय खोक्यात नव्हती.

‘‘मास्तर, तुम्ही शिकलेले. काढा मार्ग.’’

मी मार्ग काढला. रात्रभर नव्हे, मधल्या सुट्टीतच. स्वयंपाकघरात सांधा ठेवायचा, त्याच्या एका फाट्यावरून निघालेला रूळ पिठाच्या डब्याला वळसा घालून दुसऱ्या फाट्याला आणून मिळवायचा. गाडी डब्याभोवती फिरून तोंड आमच्याकडे करूनच परत येईल. मी ते ड्रॉइंगच्या कागदावर कंपासनं काढलं. काकांनी कागद भिंतीला लावला. मला माझ्या बुद्धीचं कौतुक वाटलं, आणि तेही सांगितलं पाहिजे, मी दिवसातून दोनदा काहीतरी निमित्त काढून तो कागद बघायला जायचो.

रूळ मांडले तेव्हा वळणाचा एक तुकडा कमी पडला. पिठाच्या डब्यामागं चार बोटांची फट राहिली. वायरमननं तेवढी फट ठेवूनच सगळं तपासलं. गाडी उंबरा ओलांडायची, अर्ध्या वळणापर्यंत जायची आणि मागं सरकत परत यायची. काकूंच्या कळीवर थांबायची, काकांच्या मुठीवर पळायची. ‘‘फस्क्लास हाय,’’ तो म्हणाला आणि बहिणीच्या नव्या घराचं वायरिंग करायला चार दिवस अकलूजला गेला.

रविवारी काकांनी आपले दोन जुने सोबती बोलावले होते, दोघेही निवृत्त गार्ड. त्या दिवशी सकाळी मला दुसऱ्या खोक्याच्या तळाशी पुठ्ठ्याखाली वळणाचा तो एक तुकडा सापडला. मी धावत जाऊन पिठाच्या डब्यामागं बसवला. तो टक्क करून बसला. फट राहिली नाही. काकांना मी सांगितलं, ‘‘आता पूर्ण झालं.’’

काका नोकरीतला काळा कोट घालून खुर्चीत बसले. एका गार्डनं हिरवा रुमाल आणला होता, तो त्यानं हलवला. काकांनी तोंडानं शिटी दिली, मूठ सरकवली आणि गाडी सोलापूर सोडून उंबऱ्यापर्यंत आली. काका थांबले. दोन घंट्या. आतून भांड्याचा आवाज, काकूंनी दूध उतरवलं. एक घंटी. काकूंनी कळ दाबली.

काकांनी मूठ सरकवली. गाडी हलली नाही.

‘‘उंबऱ्याला चढ आहे,’’ काका म्हणाले आणि मूठ आणखी पुढं नेली.

‘‘आहे थोडा,’’ एक गार्ड म्हणाला.

‘‘वाळू टाका,’’ दुसरा म्हणाला. चढावर चाकं घसरू लागली की इंजिनवाले रुळावर वाळू टाकतात.

काकांनी मूठ शेवटपर्यंत नेली आणि तिथं दाबून धरली. चाळीस वर्षं ज्या माणसानं घाटात अडलेल्या गाडीला जास्त वाफ देऊन वर चढवलं, त्याचा हात दुसरं काय करणार? गाडी तशीच उभी. थोड्या वेळानं खोलीत वास आला.

‘‘काय जळतंय?’’ एका गार्डनं विचारलं.

‘‘माझं दूध नाही,’’ काकू आतून म्हणाल्या. ‘‘मी आधीच उतरवलंय.’’

स्टुलाखाली ठेवलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघत होता. या इंजिनातून धूर येत नाही ही काकांची पहिल्या दिवसापासूनची तक्रार होती. गार्ड म्हणाले, धूर चांगला आहे, जागा चुकली. मी वायर उपटली. काका कोटाची बटणं काढत उठले. त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना.

रेल्वेत अपघात झाला की चौकशी बसते. काकांच्या घरात ती दुसऱ्या दिवशी सकाळी बसली. फुलस्केप कागद, कार्बन, दोन्ही गार्ड साक्षीला. काकूंचा जबाब पहिला: ‘मी दूध उतरवलं, घंटी दिली, कळ दाबली. गाडी मला दिसली नाही, ती उंबऱ्यापलीकडे होती.’ काकांनी स्वतःचा लिहिला: ‘लाईन क्लिअर मिळाल्यावर नियमाप्रमाणे गाडी सुरू केली.’ मग माझी पाळी आली. वायरमन अकलूजला होता.

मी लिहिलं, ‘रुळांची मांडणी नकाशाप्रमाणे बरोबर होती. वायरिंगमध्ये दोष असावा.’

काकांनी वाचलं. ‘‘असावा-नसावा जबाबात चालत नाही. दोष आहे की नाही? तुम्ही शास्त्राचे मास्तर.’’

सकाळी बसवलेला तुकडा मला आठवला. आठवला नव्हता असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण रुळाचा एक निमूट तुकडा काय वाईट करणार, असं मी मनाला सांगितलं. शिवाय नकाशा माझा होता आणि भिंतीवर होता.

‘‘आहे,’’ मी म्हणालो आणि तसं लिहून सही केली.

वायरमन परत आला. काकांनी त्याला कागद दाखवला. त्यानं वाद घातला नाही. जमिनीवर पालथा पडून त्यानं प्रत्येक जोड सोडला, पुसला, परत पिळला. काळे दोरे एकेक करून मोजले. सगळं ठीक होतं. शेवटी तो हात झाडत उठला.

‘‘चूक घावंना, काका. पण जळलंय तर खरं. आन मास्तरांनी लिवलंय म्हंजे चूक माजीच आसंल.’’

जळलेला ट्रान्सफॉर्मर त्यानं पिशवीत घातला आणि घरी नेला.

पुढच्या बुधवारी मी नववीच्या वर्गात विद्युतमंडल शिकवत होतो. पोरांना गंमत वाटावी म्हणून मी फळ्यावर काकांचे रूळ काढले, एक रूळ लाल खडूनं, एक पांढऱ्या. लाल रूळ सांध्यातून निघाला, पिठाच्या डब्याला वळसा घालून मागं आला आणि थेट पांढऱ्याला जाऊन मिळाला. खडू माझ्या हातात तसाच राहिला. दोन्ही बाजू मीच एकत्र केल्या होत्या. चार बोटांची फट होती तोवर सगळं सुरळीत होतं, आणि ती फट बुजवणारा मी होतो. काकूंनी कळ दाबली त्याच क्षणी वीज गाडीच्या मोटारीत जायचं सोडून लाल रुळातून सरळ पांढऱ्या रुळात गेली. पहिल्या बाकावरच्या मुलानं विचारलं, ‘‘सर, पाणी आणू का?’’

मी त्याच दिवशी जाऊन सांगायला हवं होतं. गेलोही. काका अंगणात बसले होते.

‘‘काका,’’ मी म्हणालो, ‘‘कधी कधी रुळांतसुद्धा दोष असू शकतो.’’

‘‘रूळ चुकत नाहीत, मास्तर. माणसं चुकतात.’’

‘‘तेच म्हणतो मी.’’

‘‘मग बरोबर आहे तुमचं.’’

आणि मी चहा पिऊन परत आलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि हवापाण्याबद्दल बोललो. तिसऱ्या दिवशी काकूंना एकटं गाठून सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या हातावर लाडू ठेवला. लाडू तोंडात असताना कबुली देता येत नाही. असे बारा दिवस गेले. तेवढ्यात गणपती जवळ आले. एका संध्याकाळी मंडळाचा चिटणीस रस्त्यात भेटला आणि म्हणाला, ‘‘मास्तर, वायरमनला काय झालंय? यंदा रोषणाई नको म्हणतोय. म्हणतो, माझ्या हाताचा भरवसा राहिला न्हाय, मांडवात लेकरं वायरीला हात लावत्यात. आमी दुसरा माणूस बघतोय.’’

मी तिथूनच वायरमनच्या घरी गेलो.

तो दारात पोत्यावर बसला होता. जळलेल्या ट्रान्सफॉर्मरची तार पूर्ण उलगडून त्यानं काठीला गुंडाळली होती. समोर एका फळीवर खिळे ठोकून आणि सुतळी ताणून काकांच्या घरातलं सगळं वायरिंग उभं केलं होतं. सुतळीलासुद्धा काळे दोरे होते.

‘‘या मास्तर,’’ त्याची बायको म्हणाली. ‘‘तुमी तरी समजवा. गिरणीतनं आलं की ह्येच. जेवायचं भान न्हाय माणसाला.’’

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तुकडा, सकाळ, टक्क, सगळं. त्यानं सुतळीवरचा हात काढला नाही.

‘‘काढून दावा,’’ तो म्हणाला.

मी खिशातल्या खडूनं त्याच्या फरशीवर रूळ काढले. अर्धा वळसा झाला असेल तोच त्यानं माझा हात धरून थांबवला. त्याला कळलं होतं. मला ते कळायला एक अख्खा तास आणि चाळीस मुलं लागली होती.

‘‘म्हंजे म्या अकलूजला गेल्यावर तुमी तुकडा घातला.’’

‘‘हो.’’

‘‘आन हे तुमाला कदी कळलं?’’

मी खडू खिशात ठेवला.

‘‘बारा दिवस झाले,’’ मी म्हणालो.

त्याची बायको आत निघून गेली. त्यानं काठीवरची तार बोटानं चाचपली.

‘‘बारा दिस म्या ही तार उलगडतूय, मास्तर.’’ आवाज चढवून बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. ‘‘गिरणीत फ्यूज बसवायला हात थरथरतूय माजा. काल साहेबानं इचारलं, पिऊन आलाय का.’’

मी माफी मागितली. त्यानं ती घेतली की नाही ते मला कळलं नाही. तो उठला, चप्पल घातली आणि म्हणाला, ‘‘चला काकांकडं.’’

काकांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा फुलस्केप काढला. मी नवा जबाब लिहिला. यावेळी त्यात कुठंही पळवाट नव्हती. काकांनी तो दोनदा वाचला.

‘‘खोटा जबाब हा वेगळा गुन्हा आहे, मास्तर.’’

‘‘हो.’’

‘‘तुम्हाला आजपासून कंट्रोलला हात लावता येणार नाही.’’

‘‘ठीक आहे.’’

‘‘एक इचारू का काका?’’ वायरमन म्हणाला. ‘‘गाडी हलंना, तर तुमी आजून वीज का सोडली?’’

काका कागदाची घडी घालू लागले. ‘‘लिहा की,’’ काकू आतून म्हणाल्या, ‘‘कागद आहे अजून.’’ काकांनी चष्मा लावला आणि माझ्या जबाबाखाली अगदी बारीक अक्षरात आपलंही एक वाक्य लिहिलं. सही मात्र नेहमीसारखी मोठी केली.

वळशाचा उपाय वायरमननंच काढला. वळसा दोन्ही टोकांना दोन्ही रुळांवर आगकाड्या घालून तोडायचा आणि त्याला दिशेची वेगळी चीप द्यायची. गाडी डब्यामागं थांबेल, काका चिपा फिरवतील आणि गाडी तोंड समोर ठेवून सोलापूरला येईल. काका खूश होते, काकू खूश होत्या. वायरमननं नवा ट्रान्सफॉर्मर आणून दिवाळीआधी जोडून देतो म्हणून सांगितलं आणि माझ्याकडे वळला.

‘‘हितलं झालं. गल्लीत काय?’’

‘‘मी चिटणीसांना सांगतो.’’

‘‘एकट्याला न्हाय. बैठकीत.’’

बैठक तालमीत होती. तीसचाळीस माणसं, लाल मातीचा वास. मी लिहून नेलं होतं. उभा राहून मी ‘विजेच्या बाबतीत माझ्याकडून एक गंभीर प्रमाद घडला’ असं सुरू केलं. चिटणीसाला वाटलं मी यंदाच्या देखाव्याची कल्पना मांडतोय. ‘‘खर्च किती येईल?’’ त्यानं विचारलं. मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘मास्तर, मराठीत सांगा की.’’ मी कागद खिशात ठेवला.

‘‘काकांच्या गाडीत दोष वायरिंगचा नव्हता,’’ मी म्हणालो. ‘‘माझा होता. मला कळलं होतं आणि मी गप्प बसलो. या माणसाच्या कामात चूक नव्हती.’’

आधी एक पैलवान हसला, मग सगळी तालीम हसली. मला फार बोलणी बसतील असं वाटलं होतं, पण लोकांनी फक्त ‘बारा दिस?’ एवढंच विचारलं. ते दहाजणांनी वेगवेगळ्या आवाजात विचारलं, आणि दहाही वेळा मी ‘हो’ म्हणालो. पुढं महिनाभर गल्लीत कुणाचा दिवा गेला की मला हाक यायची, ‘मास्तर, रूळ जोडला का?’

‘‘मग रोषणाई कुणाकडं?’’ चिटणीसानं विचारलं.

सगळ्यांनी वायरमनकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता. त्यानं लगेच हो म्हटलं नाही.

‘‘करतो,’’ तो म्हणाला. ‘‘पण शिडी मास्तरांनी धरायची.’’

त्या वर्षी शाळा सुटली की मी शिडी धरत होतो. माझ्याच शाळेतली मुलं खालून जाताना ‘नमस्कार सर’ म्हणायची आणि पुढं जाऊन हसायची. वायरमन वरून बोलत असायचा. मास्तर, सरळ धरा. मास्तर, आकाशाकडं काय बघताय, शिडीकडं बघा की. मी बघत होतो. त्याचा हात थरथरत नव्हता, हे मी पहिल्या खांबालाच पाहिलं आणि मला बरं वाटलं.

पण एकेक जोड झाला की तो खाली उतरायचा नाही. टेप गुंडाळलेली परत सोडायचा, तार ओढून बघायचा, परत गुंडाळायचा. मग थोडं थांबून तिसऱ्यांदा ओढून बघायचा. अख्ख्या गल्लीत असे दीड-दोनशे जोड होते. पूर्वी तो असं करत नसे. त्याचं समाधान होऊन तो उतरला की मी शिडी उचलायचो आणि पुढच्या खांबाला लावायचो.